आधी भाजणी, मग माझे गहू

माझ्या ब्राउनीला कोणी पौष्टिक म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या सोसायटीतल्या बायकांना ती सवयच लागली आहे. खपली गहू, गिरणीतून दळून आणलेले, पीठ न चाळता कोंड्यासकट वापरलेलं, एवढं कानावर पडलं की त्यांचे चेहरे खुलतात आणि 'म्हणजे हेल्दीच की' असं म्हणत दुसरा तुकडा उचलला जातो. मी दर वेळी सांगते की बायांनो, यात लोणी आहे, साखर आहे, अंडी आहेत आणि पिठाच्या दुप्पट वजनाचं कडू चॉकलेट आहे. हे औषध नाही. खायचं तर खा, नाही तर राहू द्या, पण मनाची समजूत घालायला माझ्या गव्हाला पुढे करू नका. त्या हसतात आणि खातात. मी चिडते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करते.

मी कोंड्यासकट पीठ वापरते ते दाताला लागतं म्हणून. चॉकलेट मिळेल तितकं कडू आणते ते जिभेला कळतं म्हणून. वरून जाडं मीठ पेरते तेही त्यासाठीच. कारण मला वास येत नाही. कमी येतो असं नाही, येतच नाही.

गेल्या पावसाळ्यात एक साधा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, मोकळी होईल. मग एका सकाळी आल्याचा चहा केला आणि नुसतंच गरम, गोड पाणी प्यायले. घशाला तिखट लागलं, म्हणजे आलं पडलं होतं, पण आलं काही भेटलं नाही. देवापुढची कापराची वडी उचलून नाकाशी धरली. गार वाटलं, बस्स. त्या दिवशी मी घरातली एकेक बाटली उघडून हुंगत बसले. हिंग, वेलची, फिनेल, ह्यांच्या कपाटातली जुनी अत्तराची कुपी. सगळं एकसारखं. शेवटी मी रडले, आणि रडून झाल्यावर स्वतःवरच चिडले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, "येईलही परत. नाहीही येणार." एवढं तर मला त्यांच्या दवाखान्यात तासभर न बसताही सांगता आलं असतं.

मी आयुष्यभर बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. परीक्षानळीतून वायू निघाला की नळी थेट नाकाखाली धरायची नाही, हाताने हलकासा वारा घालून वास घ्यायचा, हे मी किती पोरांना सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही. डोळे मिटून कुठला वायू ते ओळखायचे मी, आणि मुलं चाट पडायची. त्या बाईवर ही वेळ यावी, याचा मला राग आला होता. अजूनही आहे. लोक म्हणतात, स्वीकारायला शिका. मी म्हणते, स्वीकारते, पण हसतमुखाने नाही.

आपला सगळा स्वयंपाक नाकावर चालतो, हे नाक गेल्यावर कळतं. कुठलीही कृती काढून बघा. खमंग वास सुटेपर्यंत भाजा. कच्चा वास जाईपर्यंत परता. कोणी मिनिटं सांगत नाही, कोणी तापमान सांगत नाही. रवा असो, दाण्याचं कूट असो, तूप कढवणं असो, सगळीकडे तेच एक वाक्य, आणि ते वाक्य माझ्यासाठी बंद झालं होतं. मी रवा करपवला. तूप काळं केलं. आमटीतून जळका हिंग वाढला आणि पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्ला, तो मुकाटपणा मला जास्त लागला.

आणि मग गॅसचं झालं. वारज्याला आमची इमारत जुनी आहे, मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दूध तापायला ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. मला काय कळणार. दार वाजलं तेव्हा मी कोड्यातल्या उभ्या शब्दावर अडले होते. दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे. हे गृहस्थ निवृत्त आहेत, विधुर आहेत आणि बोलण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी आहेत.

"गॅस तुमचाच ना?" त्यांनी विचारलं.

"कसला गॅस?"

"खाली आमच्याकडे आलाय. आम्ही बोलावलेला नाही."

मग मला बाजूला सारून ते चपलांसकट सरळ स्वयंपाकघरात गेले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, दिव्याला हात लावू नका म्हणाले आणि निघून गेले. जाताना उपदेश केला नाही, हे त्यांचे उपकार. पण खाली जाऊन त्यांनी माझ्या मुलीला फोन केला, हे उपकार मी मागितले नव्हते.

मुलगी एकुलती एक. राहते मांजरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या एका नव्या उंच इमारतीत. फोन ठेवला आणि ऑफिस सोडून तडक आली. आल्या आल्या सगळं घर फिरली. औषधं बघितली, फ्रिजमधल्या वाट्या उघडून हुंगल्या, त्यातल्या दोन माझ्यादेखत ओतून दिल्या. मला विचारलंसुद्धा नाही. मग माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, आता पुरे. दिवाळी झाली की तू आमच्याकडे ये. हे घर बंद ठेवू. तुझी खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत."

"कधी लावलेस?"

"लावलेत गं. ते सोड. तुला आवडेल तिथे. संध्याकाळी गॅलरीत बसलं ना, की शेतातून असा उसाचा वास येतो की तू नुसती..." आणि ती थांबली.

"ऊस काही बोलतो का?" मी विचारलं. "नाही, म्हणजे ऐकत बसले असते."

तिला हसू आलं नाही. मलाही ते हसण्यासाठी म्हणायचं नव्हतं.

मला जायचं नव्हतं, आणि का नव्हतं ते सरळ सांगते. मला एकटं राहायला आवडतं. बाईमाणसाने हे मोठ्याने म्हणायची सोय नसते. नवरा गेल्यावर बाईने एकटेपण सोसायचं असतं, त्याची गोडी लावून घ्यायची नसते. मी लावून घेतली. दुपारच्या जेवणाला नुसता मीठ लावलेला पेरू खाल्ला तरी मला कोणी 'हे काय जेवण झालं' असं विचारत नाही. पहाटे उठून रेडिओ लावला तर कोणाची झोप मोडत नाही. मुलीचं माझ्यावर प्रेम आहे, जावई भला माणूस आहे, पण त्यांच्या घरात मी म्हणजे काळजी घ्यायची एक वस्तू होणार हे मला त्या पडद्यांवरूनच कळलं होतं. रंगसुद्धा मला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गॅस एजन्सीला फोन करून सिलिंडर परत दिलं. कोणी सांगितलं म्हणून नाही. ज्वालाग्राही वायू आणि तो ओळखू न शकणारं माणूस एका खोलीत ठेवू नये, एवढं रसायनशास्त्र मला येतं. विजेवर चालणारी शेगडी आणली. गॅसची शेगडी घासूनपुसून माळ्यावर टाकायला स्टुलावर चढले, तर तिथे प्लॅस्टिकात गुंडाळलेला ओव्हन होता. मुलीचाच. लग्नाआधी तिला बेकिंगचं वेड होतं, सहा महिन्यांत ते ओसरलं आणि मांजरीला जाताना ती तो माझ्या माळ्यावर ठेवून गेली होती. मी शेगडी वर ठेवली आणि ओव्हन खाली घेतला.

मोबाइलवर कोणा एका मुलीचा व्हिडिओ सापडला. ती ब्राउनी करत होती. तिचं ऐकता ऐकता मी खुर्चीत ताठ बसले. पीठ इतके ग्रॅम. लोणी इतके ग्रॅम. तापमान इतकं, वेळ इतका. एकदाही ती 'खमंग' म्हणाली नाही. इथे काटा होता, घड्याळ होतं, प्रयोगशाळेची शिस्त होती. मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या भाषेत बोलतंय.

पहिली खेप मैद्याची केली. एक तुकडा खाल्ला आणि बाकीची बाजूला सारली. मऊ आणि गोड, त्यापलीकडे काही नाही. ज्याला वास नाही त्याच्या तोंडात मैदा म्हणजे ओला कागद. मग विचार केला की माझ्याकडे शिल्लक काय आहे. गोड कळतं, खारट कळतं, कडू कळतं. दाताला रवाळ लागतं, टाळूला गुळगुळीत लागतं. मग या उरलेल्यांनाच कामाला लावू. दूध घातलेलं चॉकलेट बाद केलं आणि काळंकुट्ट कडू आणलं. मैदा बाद केला आणि खपली गहू जरा जाडसर दळून आणले. पीठ चाळणीला घातलंच नाही. आमच्या घरात कोंडा गाईला जायचा; आता तो माझ्या ब्राउनीत जातो.

कोंड्याच्या पिठाला एक गोष्ट लागते, ती त्या व्हिडिओवाल्या मुलीला माहीत नव्हती. मिश्रण कालवून लगेच ओव्हनमध्ये ढकललं तर कोंडा कचकचतो. त्याला थोडा वेळ झाकून ठेवायचं, म्हणजे तो ओल पिऊन घेतो, जसं आपण कणीक मळून मुरायला ठेवतो तसं. बाकी रीत सोपी. लोणी आणि चॉकलेट गरम पाण्यावर वितळवायचं. अंडी आणि साखर हात दुखेपर्यंत फेटायची. दोन्ही एकत्र करून वर पीठ, थोडा कोको, मीठ, आणि मग जास्त ढवळायचं नाही. झाली की नाही हे वासाने नाही, बोटाने बघते. कडा घट्ट, मधला भाग अजून जरासा डुलणारा, वर पापुद्रा. बोटाने टेकून सोडलं की तो पापुद्रा कुरकुरतो. ओव्हनमधून काढल्यावर कान जवळ नेला तर बारीक तडतड ऐकू येते. ती तडतड थांबेपर्यंत सुरी लावायची नाही.

मी तो पहिला गव्हाचा तुकडा खाल्ला तेव्हा गॅलरीत उभी होते. आधी मीठ लागलं, मग कडू, मग गोड, आणि मध्येमध्ये गव्हाचा कण दाताखाली. तापानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडात काहीतरी घडत होतं. मी त्या दिवशी दुपारचं जेवण केलं नाही, ब्राउनीच खाल्ली, आणि याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मग माझी भीड चेपली. मुलीला फोनवर ऐकवलं, "बघ, मी रांधू शकते. यात नाकाचं काम नाही."

"बघू," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही येतोच आहोत. आईंनाही घेऊन येते. नीट बसून ठरवू."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. त्या पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. चकली, अनारसे, कडबोळी यांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि ते त्यांनाही माहीत आहे. कानाने कमी ऐकू येतं. यंत्र आहे, पण ते बहुतेक वेळ टेबलाच्या खणात असतं. कोणाची भीडभाड ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हेत. माझी मुलगी त्यांना वकील म्हणून आणत होती हे उघड होतं. आईने ऐकलं नाही तर विहिणीचं ऐकेल, असा तिचा हिशोब.

मीही तयारीला लागले. मला एवढंच दाखवायचं होतं की हे स्वयंपाकघर बंद करण्यासारखं झालेलं नाही. पीठ ताजं हवं म्हणून दोन किलो गहू घेऊन गिरणीवर गेले. दिवाळी तोंडावर, त्यामुळे डब्यांची रांग लागली होती. गिरणीवाल्याने माझा डबा बघितला आणि म्हणाला, "दोनच किलो ना काकू? द्या, मध्येच काढून देतो." मला बरं वाटलं. समोर गिरणी धडधडत होती, पिठाची धूळ उडत होती, बायका आपापल्या डब्यांवर नजर ठेवून उभ्या होत्या. माझं पीठ कोमट कोमट डब्यात पडलं. मी चिमटीत धरून बघितलं, जाडी अगदी हवी तशी. घरी आले.

रविवारी ते तिघं आले. मुलगी, जावई आणि विहीणबाई. चहा झाला. मी ब्राउनीचे चौकोन कापून चांगल्या ताटलीत मांडून आणले. विहीणबाईंना आधीच सांगितलं की यात अंडं आहे.

"मला चालतं," त्या म्हणाल्या. "घरात करत नाही, एवढंच."

त्यांनी तुकडा उचलला, अर्धा खाल्ला आणि थांबल्या. पुन्हा थोडा खाल्ला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "विहीणबाई, यात धने-जिरे घातलेत का हो?"

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी जावयाकडे बघितलं. तो खाली बघून चघळत होता. मुलीने आपला अर्धा खाल्लेला तुकडा नाकाशी नेला आणि तिचा चेहरा बदलला.

"आई," ती म्हणाली, "ह्याला चकलीचा वास येतोय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीच्या आठवड्यात गिरणीवर चकलीची भाजणी सोडून दुसरं काय दळलं जाणार? भाजलेले तांदूळ, डाळी, धने, जिरे. माझ्या आधी जिचा डबा लागला होता तिची भाजणी जात्यात राहिली होती, आणि माझं दळण इनमीन दोन किलो, ते सगळं त्या वासात न्हाऊन निघालं होतं. आमच्याकडची कुठलीही बाई गिरणीवर गेली की आधी काय चाललंय ते बघते. भाजणीवर गहू लावत नाही, बाजरीवर तांदूळ लावत नाही. पण मी इतक्या वर्षांत हे कधी तोंडाने विचारलंच नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती. भाजणी चालू असली की मला ते रस्त्याच्या कोपऱ्यावरच कळायचं आणि मी आपोआप मागे थांबायचे. गिरणीवाल्यालाही ती सवय. काकूंनी डबा पुढे केला म्हणजे काकूंना चालत असणार.

यात नाकाचं काम नाही, असं मी म्हटलं होतं. माझे कान गरम झाले.

"बघितलंस ना, आई," मुलगी म्हणाली. तिने ते टोमणा मारून म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे परतवलं असतं. पण ती हळू, मायेने म्हणाली, आजारी माणसाशी बोलतात तसं. त्यानेच माझं पित्त खवळलं.

मी उभी राहिले. "काय बघितलं?" मी म्हटलं. "चकलीची भाजणी ब्राउनीत गेली. गेली ना? मला कळलं नाही, हे खरं आहे. पुढेही कळणार नाही. मग? कोणाला विषबाधा झाली? ज्याने जीव जाऊ शकतो तो गॅस मी या घरातून स्वतः फोन करून घालवला, तू सांगायची वाट बघितली नाही. उरलं काय, तर अधूनमधून गोडात धने लागतील. त्यासाठी मी माझं घर बंद करून तुझ्या पडद्यांमागे येऊन बसणार नाही. वास गेलाय माझा. मी गेलेले नाही."

 जावयाने पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे लक्षात आल्यावर परत ठेवला. विहीणबाईंनी पदराला हात पुसले आणि ताटलीतला दुसरा तुकडा घेतला.

"आई, तुम्ही तरी सांगा ना," माझी मुलगी त्यांना म्हणाली.

"काय सांगू?"

"हेच, की असं एकटं राहणं बरोबर नाही. काही झालं तर हिला कळणारही नाही."

विहीणबाईंनी तो तुकडा शांतपणे संपवला. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "मला दाराची बेल ऐकू येत नाही. परवा दूधवाला हाका मारून मारून परत गेला. माझी खोली कुठली आहे तेवढं आधी दाखवून ठेवा. पडदे मी माझे आणीन."

जावयाला ठसका लागला. माझी मुलगी उठून आत गेली. मीही तिच्या मागे गेले. ती ओट्याजवळ, गॅसची शेगडी असायची त्या जागेसमोर उभी राहून रडत होती.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "तू फोन उचलला नाहीस की मला तोच दिवस आठवतो. काकांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. इथे येईपर्यंतच्या रस्त्यात मी काय काय बघितलं ते तुला नाही सांगता येणार."

तिला जवळ घेतलं. माझी पोर आहे, मला काय कळत नाही? मलाही भीती वाटते. सकाळी दूध नासलंय की नाही हे मी जिभेवर थेंब टाकून बघते आणि दर वेळी थोडी धास्तावते. हे मी तिला सांगितलं. आणि हेही सांगितलं की भीती तुला वाटते म्हणून घर मी सोडायचं, हे काही बरोबर नाही. भीती वाटली की तू ये. किल्ली घेऊन ठेव, एक खालच्या काकांकडे दे. फ्रिजमधलं हुंगून बघ, फेकायचं ते फेक, पण फेकायच्या आधी मला विचार.

तिने डोळे पुसले. मग पिठाचा डबा उघडून आत नाक घातलं आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.

"फेकायचं का हे?" तिने विचारलं.

"वाईट लागतं का?"

"नाही," ती नाइलाजाने म्हणाली. "तेच तर. चांगलं लागतंय."

बाहेर आलो तेव्हा ताटलीत दोनच तुकडे उरले होते आणि विहीणबाई ते कागदात बांधून मागत होत्या.

विषय त्या दिवशी संपला असं मी म्हणणार नाही. मुलगी अजून दर महिन्याला एकदा तो काढते, आणि मांजरीची खोली पडद्यांसकट तशीच आहे. सणावाराला मी तिथे जाते, नातेवाइकांत मिसळते, गॅलरीत बसते, आणि परत वारज्याला येते. नाक अजून आलेलं नाही. यायचं तर येईल, त्याच्या वाटेकडे मी डोळे लावून बसलेले नाही.

दिवाळी संपली की चकलीची भाजणी थांबते, पण थालीपिठाची वर्षभर चालू असते. परवा गहू घेऊन गिरणीवर गेले. आता मी तोंडाने विचारते.

"आत्ता काय निघालं?"

"भाजणी, काकू. थांबा, दोन मुठी गहू टाकून साफ करून घेतो, मग तुमचं लावतो."

"नको. भाजणीवरच लावा."

"अहो, पिठाला वास लागेल."

"लागू दे."

त्याने रांगेतल्या बायकांकडे बघितलं. त्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी डबा पुढे केला. मला त्या वासाचा काही उपयोग नाही, पण ज्यांना येतो त्यांना यावा. या घरात अजून माणूस राहतं आणि ते आज काहीतरी भाजतंय, हे जिन्याला कळावं, म्हणून हल्ली मी ओव्हन लावला की दारही उघडं ठेवते.

त्या दिवशी ब्राउनी बाहेर काढली, बोट लावून बघितलं, कान लावून तडतड ऐकली. मागे वळले तर उघड्या दारात खालचे काका उभे होते. हातात रिकामी ताटली.

"वास आला," ते म्हणाले.

"कशाचा?"

त्यांनी विचार करायला वेळ घेतला. "धन्याचा. चॉकलेटचा. भाजल्याचा आहे, जळल्याचा नाही."

"मी बोलावलेलं नाही," मी म्हटलं.

"वासाने बोलावलं," काका म्हणाले, आणि या वेळी चपला बाहेर काढून आत आले.